जुईच्या पायांविषयी

ओजस आणि मीरा,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मीराने विचारलं, "आजी, जुई चार वर्षांची झाली ना? मग ती अजून ते लोखंडी धरून का चालते?" मी म्हटलं, "मामीला विचार," आणि फोन मेघनाच्या हातात दिला. एकतीस वर्षं मी कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. कोणी काही विचारलं तर उत्तर कुठल्या कपाटात, कुठल्या फळीवर आहे हे मी खुर्चीतून न उठता सांगायचे. या प्रश्नाला मात्र मी फोन दुसऱ्याला दिला. म्हणून हे लिहीत आहे.

एरवी मी तुम्हाला इंग्रजीत लिहिते, कारण तुम्हाला ते सोपं जातं. हे मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहायला बसले की डॉक्टरांचेच शब्द येतात आणि रिपोर्ट तयार होतो. आईकडून वाचून घ्या. एक प्रत मी नाझनीनला देणार आहे. ती जुईला व्यायाम शिकवते, फिजिओथेरपिस्ट. तिच्याकडे अधूनमधून असं बाळ घेऊन एखादं नवं घर येतं, आणि त्या घरात बहुतेक वेळा एक आजी असते.

जन्माचा दिवस

जुई धामणकर नाक्याजवळच्या एका प्रसूतिगृहात जन्मली. तुमचा निखिलमामा आणि मी बाहेर बाकावर होतो. नर्सने बाळ आणलं ते पालथं, स्वतःच्या हातावर आडवं टाकून. मी पदर पुढे केला तर म्हणाली, "आजी, असंच धरायचं. पाठीला हात लावायचा नाही."

कमरेच्या जरा वर लिंबाएवढा फुगा होता. कातडी इतकी पातळ की आतलं दिसत होतं.

डॉक्टर कॉरिडॉरमध्ये आले. मी पहिला प्रश्न इंग्रजीत विचारला, म्हणून ते पुढचं सगळं माझ्याशीच इंग्रजीत बोलले. स्पायना बिफिडा हा शब्द मी तेव्हा ऐकला. मी निखिलला सांगितलं, "कण्याची हाडं मागून मिटलेली नाहीत. आतल्या नसा बाहेर आल्यात. आजच मुंबईला न्यायचं, ऑपरेशन करायचं."

निखिलने एकच विचारलं. "चालेल का ती?"

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आधी जगू दे. हे मी निखिलला सांगितलं नाही. "आत्ता सांगता येत नाही म्हणतायत," म्हटलं.

मला त्या वेळी काय वाटलं? काही वाटलं नाही. पिशवीत बाळाची दुपटी होती, ती घाईत कोंबलेली होती. मी ती बाकावर काढून एकेकाची नीट घडी घातली आणि परत भरली. बाजूची बाई म्हणाली, "मुलगी झाली वाटतं? पेढे कधी?" मी म्हटलं, "हो, बघू." माझा आवाज नेहमीसारखाच होता.

काल्हेरच्या रस्त्यावर ट्रेलर लागले होते. निखिल तिथल्याच गोडाऊनमध्ये काम करतो. ज्या ट्रकांची तो रोज ये-जा लावतो त्याच ट्रकांमागे आमची अॅम्ब्युलन्स चाळीस मिनिटं अडकली. शेवटी तो खाली उतरला आणि हात हलवत, ड्रायव्हरांना हाका मारत गाडीपुढे चालत राहिला. मी आत बाळाजवळ होते. काचेतून त्याची पाठ दिसत होती. मला वाटलं, याचा शर्ट बाहेर आलाय, सांगायला हवं.

वॉर्ड

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पाठ शिवली. त्यानंतर अकरा दिवस ती पालथीच होती. रोज सकाळी नर्स टेपने डोकं मोजायची, कारण अशा बाळांच्या डोक्यात पाणी साठू शकतं. मोजमाप वाढलं नाही की आमचा तो दिवस निघाला. जुईच्या डोक्यात नळी घालावी लागली नाही. पलीकडच्या दोन बाळांच्या घालाव्या लागल्या.

वॉर्डातल्या आयाबाई त्या रांगेतल्या पालथ्या बाळांना पैलवान म्हणायच्या. "आला का माझा पैलवान जोर काढायला?" असं म्हणत दूध पाजायला यायच्या. चौथ्या दिवशी मेघना आली. ओल्या टाक्यांनी, एवढा प्रवास करून. तिने पहिल्यांदा बाळाला नीट पाहिलं, तेव्हा आयाबाई म्हणाल्या, "आई आली बघ पैलवानाची!" मेघना हसली. त्या अकरा दिवसांत ती हसली ती तेवढीच, म्हणून लिहून ठेवते.

एक दिवस मोठे डॉक्टर आले आणि टाचणीसारख्या काडीने पाय टोचून पाहिले. मांडीला टोचलं, ती रडली. गुडघ्याला टोचलं, पाय हलला. पोटरीच्या मागे टोचलं, तळव्याला टोचलं. ती शांत. डॉक्टरांनी पेनाने पायावर एक रेघ मारली.

"मांड्या चांगल्या आहेत," ते म्हणाले. "गुडघे उचलते आहे. या रेघेच्या खाली तिला काही कळणार नाही. पावलं आत वळलीत, ती प्लास्टर घालून सरळ करावी लागतील. सगळं वेळेवर झालं तर उभी राहील. स्प्लिंट घालून चालेलही."

मी विचारलं, वेळेवर नाही झालं तर?

"तर बसून राहील."

घरी आल्यावर हॉस्पिटलने दिलेली इंग्रजी पत्रकं मी वाचली, गरजेचं तेवढं मराठीत उतरवलं आणि ते कागद जागोजाग लावले. न्हाणीच्या दारावर लावला त्यात होतं: पाणी आधी कोपराने बघणे. पायाला गरम-गार कळत नाही. दर चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते, ती कशी, ते पलंगाशेजारी. सगळं माझ्या अक्षरात.

कार्ड

तुम्हाला हे माहीत नाही. तुमचं दोघांचं एकेक कार्ड माझ्याकडे आहे. ग्रंथालयात पुस्तकांची असायची तशी. मान धरली, पालथा पडला, बसला, रांगला, उभा राहिला, पहिलं पाऊल. पुढे तारखा. ओजस इथे जन्मला, म्हणून त्याच्या पहिल्या तारखा मी पाहून लिहिल्यात. मीराच्या तुमच्या आईला फोनवर विचारून. तुमच्या आईचं आणि मामाचंही कार्ड आहे.

जुईचं मी ती घरी आली त्याच आठवड्यात केलं. मान तिने तिसऱ्या महिन्यात धरली. पालथ्या बाळाला मान उचलावीच लागते, म्हणून त्यात ती हुशार निघाली. पुढच्या ओळी रिकाम्या राहिल्या. मी दर सोमवारी कार्ड काढायचे आणि परत ठेवायचे. एकदा मेघनाने पाहिलं. त्यानंतर मी ते फाडून टाकलं. खरं तर आधीच फाडायला हवं होतं.

एक तास

दुसऱ्या महिन्यापासून दर आठवड्याला प्लास्टर. मांडीपासून पावलापर्यंत, दोन्ही पायांना. दर वेळी पाऊल थोडं आणखी सरळ करून नवीन. आठ प्लास्टरं झाली आणि पावलं खरोखर सरळ झाली. मग डॉक्टरांनी एका पट्टीला जोडलेले दोन छोटे बूट दिले. दिवसातले तेवीस तास ते पायात हवेत, नाहीतर पावलं परत आत वळतात. मोकळा एकच तास, आंघोळीला आणि मालिशला.

त्या तासाला पारूबाई यायच्या. ओजस, तुलाही त्यांनीच न्हाऊ घातलंय. त्या पलीकडच्या पाड्यावरून शेअर रिक्षाने येतात. शेतीचं काम नसलं की बाळ-बाळंतिणीचं करतात. जुईला त्या पायांवर उताणी घेत नसत, कुशीवर घेत. तोंड मात्र सतत चालू.

"ही पोर तुमच्यावानी हाय, बाय," मला म्हणायच्या. "नुसती बघतंय. बोलत काय न्हाय."

जुईचे पाय गार असायचे. रक्त कमी फिरतं म्हणून, हे मी वाचलं होतं. जानेवारी लागला तेव्हा ते निळसर दिसायला लागले. मी पारूबाईंना म्हटलं, आंघोळीनंतर शेक द्या. तुम्ही दोघांनी शेक पाहिलेला नाही. तव्यावर ओवा भाजतात, फडक्यात पुरचुंडी बांधतात आणि ती दाबत दाबत बाळाचं अंग शेकतात. तुमच्या आईला दिला, मामाला दिला, ओजसला दिला. या घरातलं प्रत्येक मूल ओव्याच्या वासात मोठं झालंय.

पारूबाई म्हणाल्या, "पोटाला देते. पायाला न्हाय."

"का?"

"गरम लागला का पोर पाय ओढतंय, रडतंय, मंग आपन हात उचलतो. ही ओढीत न्हाय. माना कसा कलंल?"

"अंदाजाने द्या. इतकी वर्षं देताय."

"माझा हात न्हाय जायचा, बाय." आणि पोट शेकून पुरचुंडी बाजूला ठेवली.

मला वाटलं, कंटाळा करतायत. आणि हेही वाटलं, ते लिहिते: मी वाचलेलं आहे, यांनी नाही.

शेक

जुई सहा महिन्यांची होती. पारूबाई भाच्याच्या लग्नाला गेल्या होत्या. मेघना आंघोळीला गेली होती. मी तवा ठेवला.

पहिली पुरचुंडी मी माझ्या गालाला लावून पाहिली. ठीक होती. पायांवरून फिरवली. ती गार झाली, पुन्हा तव्यावर ठेवली. दुसऱ्या वेळी गालाला लावली नाही. जुई पंख्याकडे बघत हसत होती आणि मला वाटलं, हिला बरं वाटतंय. दोन्ही टाचांखाली पुरचुंडी ठेवली आणि बुटांत घालायचे मोजे आणायला आतल्या खोलीत गेले. मोजे दोरीवर होते, त्यातला एक खाली पडला होता. दोन मिनिटं लागली असतील. तीनही असतील.

परत आले तरी ती हसतच होती. मी मोजे घातले, बूट चढवले, पट्टे आवळले. घड्याळ पाहिलं, तास पुरा व्हायला पाच मिनिटं होती. वेळेआधी झालं म्हणून मला समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी मेघनाने मोजा काढला, तेव्हा डाव्या टाचेची कातडी मोज्याबरोबर आली.

ती ओरडली नाही. "आई, इकडे या," म्हणाली. मी गेले. तिने मोजा माझ्यासमोर धरला. जुई आपला अंगठा चोखत होती.

माझ्या हाताने लिहिलेला कागद न्हाणीच्या दारावर होता. पाण्याबद्दल होता. पत्रकांत हीटरबद्दल होतं, उन्हात तापलेल्या गाडीच्या सीटबद्दल होतं. शेकाबद्दल नव्हतं. ज्यांनी ती लिहिली त्यांना शेक माहीत नव्हता. मी पत्रकात होतं तेवढं अक्षरशः पाळलं. पायाला गरम-गार कळत नाही हे वाक्य मी तीन वेळा स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं आणि ते माझ्या हातापर्यंत पोहोचलं नव्हतं. पारूबाईंच्या हाताला ते कोणी न सांगता कळलं होतं.

जखम भरायला सात आठवडे लागले. तिथली कातडी भरतच नाही लवकर. जखमेवर बूट घालता येईना. तीन आठवड्यांत पावलं आत वळायला लागली. मी बघत होते ती वळताना. डॉक्टरांनी टाच पाहिली, मग आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा प्लास्टरं, आणि या वेळी टाचेमागची शीर थोडी कापावी लागेल.

वेळेवर, असं त्यांनी सांगितलं होतं.

"आई, तुम्ही नका"

त्यानंतर मी जुईला उचलायला गेले की मेघना म्हणायची, "आई, तुम्ही नका." आवाज चढवून नाही. दार बंद करा म्हणावं तसं. मग मी जाणं सोडलं. तिने शाळेतल्या नोकरीचा राजीनामा दिला. ती गणित शिकवायची, चांगलं शिकवायची. आंघोळ, मालिश, नळी, व्यायाम, सगळं ती एकटी करायला लागली. पारूबाईंनाही तिने नको सांगितलं. त्यांचा काही दोष नसताना. मी मधे बोलले नाही.

निखिल एकदा म्हणाला, "आई, थोडे दिवस जाऊ दे."

"ती काही चुकीचं करत नाहीये," मी म्हटलं.

"मी तसं म्हटलं का?"

"नाही."

आमचं बोलणं तेवढंच. तो शिफ्टला गेला. मी स्वयंपाक करायचे, कपडे घड्या करायचे, सगळं वेळच्या वेळी. आम्ही कामतघरला राहतो, मागच्या गल्लीतले कापडाचे लूम दिवसभर खडखडतात आणि जमीन जरा थरथरते. मी पोळ्या लाटताना तो आवाज ऐकायचे आणि तासन्‌तास दुसरं काहीच डोक्यात येत नसे. रडू येईल असं वाटायचं, पण यायचं नाही. शेजारची म्हणाली, "तुम्ही किती धीराच्या." मी "हो" म्हटलं.

अशा वेळी हे ज्या आजीने वाचायला घेतलं असेल तिला सांगते, धीर वगैरे काही नसतो. हातात काम असतं, ते संपवायचं.

नाझनीनकडे

जखम अजून ओली होती तेव्हाच हात आणि पाठीच्या व्यायामासाठी नाझनीनकडे जायला सुरुवात झाली. पिशव्या धरायला म्हणून मी बरोबर जायचे. नाझनीन तिशीतली, बोलायला फटकळ. मराठी-हिंदी एकत्रच बोलते. तिने टाचेची पट्टी पाहिली.

"ये किसने किया? बोला ना, मी पोलीस नाही."

मी म्हटलं, "मी. शेक दिला."

"ओव्याचा?"

"हो."

"माझ्या अम्मीने मिठाचा दिला होता, दुसऱ्या एका पेशंटला. माझ्याच घरी आलेल्या. मी किचनमध्ये चहा करत होते." तिने जुईला पालथं केलं आणि छातीखाली उशी सरकवली. "चल चल, शेरनी, हात पे उठ."

मी बाहेर आले तर बाकावर एक लूम कामगार बसला होता, मांडीवर तीन वर्षांचा मुलगा, त्याला असाच आजार. त्याने दारातून ऐकलं असावं. मला म्हणाला, "अम्माजी, हमारे वाले का तो छत की फर्शी से जल गया. नंगे पाँव खेलने छोड़ दिया था धूप में. हम समझे मजे में है." मुलाचा बूट सोडून त्याने तळवा दाखवला. जुना, पांढरा पडलेला डाग होता. "हँस रहा था वो भी."

मी म्हटलं, "हाँ. हँसते हैं."

एवढंच झालं. पण त्या दिवशी घरी आल्यावर मला भूक लागली, हे आठवतं.

निघताना नाझनीनने मेघनाला विचारलं होतं, "पाय रोज कोण बघतं? तळवे, बोटांच्या मधे, टाचा?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"एकच माणूस रोज बघतं ना, तर महिन्याने त्याला दिसायचं बंद होतं. दोन माणसं लागतात. दुसरं कोण?"

मेघनाने जुईला उचललं आणि रिक्षा थांबवली. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिने जुईला माझ्या मांडीवर ठेवलं, दिवा जवळ ओढला आणि म्हणाली, "बघा. मी सकाळी पाहिलेत."

मी चष्मा पुसला आणि पाहिले. एकेक बोट फाकवून. त्या दिवसापासून सकाळी ती बघते, संध्याकाळी मी. आजतागायत.

तिने मला माफ केलं का, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

हळूहळू

दुसऱ्यांदा प्लास्टरं, शिरेचं छोटं ऑपरेशन, पुन्हा बूट. दहाव्या महिन्यात, पाय प्लास्टरातून सुटून हलके झाले त्याच आठवड्यात, जुई उताणीची पालथी झाली. स्वतःहून. हाताने चादर ओढली आणि पाय मागून ओढले गेले. आमच्या घरी मूल पालथं पडलं की करंज्या होतात. मी विषय काढला नाही. दुपारी मेघना म्हणाली, "आई, सारण तुम्ही करा, मी लाटते." तिच्या करंज्यांची कडा नेहमी उघडते. त्या दिवशीही उघडल्या. निखिल म्हणाला, "भजी छान झालीत." मेघनाने लाटणं उगारलं.

मी एक करंजी पारूबाईंसाठी ठेवली आणि निरोप पाठवला. त्या आल्या. मेघना त्यांच्या पाया पडली.

वर्षाची झाल्यावर ती बसली, दोन्ही हात पुढे टेकून. एक हात सुटायला आणखी दोन महिने. मग कोपरांवर सरकायला लागली, सैनिक जातात तशी, पाय मागे ओढत. जमिनीवर घासून गुडघे आणि अंगठे सोलायचे, म्हणून मेघनाने जुन्या जीनच्या पँटचे पायमोजे शिवले. वीस महिन्यांची असताना तिला लाकडी चौकटीत पट्टे बांधून पहिल्यांदा उभं केलं. आधी तिने खाली पाहिलं. मग आमच्याकडे. एवढ्या उंचीवरून तिने आम्हाला कधी पाहिलं नव्हतं. तिला रडू आलं.

डॉक्टरांना मी विचारलं की माझ्यामुळे किती महिने गेले. ते म्हणाले, "सहा. कदाचित ती तशीही उशिराच उभी राहिली असती. कळायला मार्ग नाही." हे त्यांनी दयेने म्हटलं की खरंच, तेही कळायला मार्ग नाही. मी सहा धरते.

तीन वर्षांची होताना वॉकर धरून तिने पहिली चार पावलं टाकली. मेघना त्याच वर्षी शाळेत परत रुजू झाली. जायच्या दिवशी तिने जुईच्या दिवसाची सगळी यादी मला तोंडी म्हणून दाखवायला लावली. मी म्हणून दाखवली. परीक्षेसारखी.

मीराच्या प्रश्नाचं उत्तर

मीरा, ती ते लोखंडी धरून चालते कारण तिच्या पोटऱ्यांना जोर नाही आणि पावलं जमिनीवर आहेत की नाहीत हे तिला कळत नाही. ते कळायला तिला खाली बघावं लागतं. तो वॉकर जाईल का? नाझनीन म्हणते, कदाचित काठ्यांवर येईल. डॉक्टर हेही म्हणतात की अशी काही मुलं दहा-बारा वर्षांची झाली, वजन वाढलं, की चालणं सोडून चाकाची खुर्ची घेतात, कारण तीत पटकन जाता येतं. मग आम्ही हे सगळं कशासाठी केलं, असं मला एकदा वाटलं होतं. मी नाझनीनला विचारलं. ती म्हणाली, "आजी, खुर्चीत बसणं तिने ठरवावं. टाचेने नको." मला हे पटलं. खूप बरं वाटलं असं नाही, पण पटलं.

गेल्या शनिवारचं सांगते आणि थांबते. मेघना आणि मी जमिनीवर बसून मेथी निवडत होतो. बेल वाजली. जुई आतल्या खोलीतून ओरडली, "मी! मी उघडणार!"

वॉकरची खडखड सुरू झाली. टेबलाच्या कोपऱ्याशी ती थांबली, वळली, आणि पडली. वॉकर एकीकडे, ती एकीकडे. माझा हात जमिनीवर टेकला, उठण्यासाठी.

"आई," मेघना खाली मेथीकडेच बघत म्हणाली, "भाजी."

मी बसले. बाहेरच्या माणसाने परत बेल दाबली. "कोई है क्या? कुरियर!"

"रुको!" जुई जमिनीवरून म्हणाली. "मेरा पाँव टेढ़ा हो गया!"

ती पालथी झाली. कोपरांवर आली, मग गुडघ्यांवर. वॉकर ओढून घेतला, त्याचा खालचा दांडा धरला, मग वरचा. खाली पाहिलं. डावं पाऊल आत वळून राहिलं होतं. तिने एक हात सोडला, वाकली आणि आपण चप्पल सरळ करतो तसं ते पाऊल हाताने सरळ करून ठेवलं. पुन्हा पाहिलं. मग उभी राहिली.

माझ्या हातातल्या जुडीची पानं निवडून झाली होती. मी दुसरी घेतली.

"आ रही हूँ," ती दाराला सांगत होती. "भागना मत."

डिसेंबरात तुम्ही याल तेव्हा आमचा मजला तुम्हाला माहीत आहे. तुमची आई सवयीने कडी वाजवेल, दार ढकलेल, हाका मारेल. तिला तसं करू देऊ नका. बेल एकदाच दाबा. आतून पडल्याचा आवाज आला तरी दाबू नका. सामान खाली ठेवा आणि उभे राहा. वेळ लागेल. दार जुई उघडते.

तुमची,
आजी